जिन्याखालचं टेबल

भोसरीत मी एकोणतीस वर्षं लेथ चालवली.
मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा इकडंतिकडं झाला
तर नग परत यायचा.
आणि घरातून अकरा किलो गेले
ते मला कळलं शिवणयंत्राच्या आवाजावरून,
शशिकला तिसऱ्यांदा ब्लाऊज आत घेत होती तेव्हा.

दवाखान्यात सगळं विचारलं.
रेशनकार्ड कोणत्या रंगाचं,
मिश्री किती वर्षं लावली,
कितवी लाईट, जुनी फाईल कुठंय.
गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा जे विचारतं
ते पाच महिन्यांत कुणी विचारलं नाही:
जेवलात का?

जेवणार कशी.
लाईट घेऊन आली की तोंडाची साल निघायची,
वरणाचं पाणीही झोंबतं म्हणायची.
भेटायला येणारे सांगून जायचे,
साखर बंद करा, दूध बंद करा,
धनकवडीच्या मेहुण्यानं तर भातही बंद करायला सांगितला
आणि जाताना स्वतः दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
बंद करायला उरलं होतं काय?

कळलं ते चुकून.
मुतारी शोधत तळमजल्याला उतरलो
तर जिन्याखाली, मोडक्या व्हीलचेअरींच्या पलीकडं
एक टेबल, एक वजनकाटा,
भिंतीला कागद:
आहार सल्ला. मंगळवार. दोन ते चार.
तो गुरुवार होता.

मंगळवारी तिथं फरजाना शिकलगार म्हणून बाई.
त्यांच्याकडं छापील तक्ता होता.
ब्रोकोली. कुठलासा समुद्रापारचा मासा.
तेराशे रुपयांच्या डब्यातली पावडर.
त्यांनी माझ्या चपलांकडं पाहिलं असावं,
तक्ता पालथा घातला. मागची बाजू कोरी होती.
"घरात काय असतं ते सांगा."

नाचणी, म्हटलं. शेंगदाणे. तूप थोडं.
अंडी, पण सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून.
शशिकला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मधे बोलली,
"शनिवार धरला तरी चालेल."
मग थांबून, "गुरुवारही."

बाई पेन्सिलीनं लिहीत गेल्या.
आंबील, गार करून. कूट चाळून, ताकात नाही, दुधात.
अंडं मऊ, भातात कालवून.
वाटी नको, अर्धी वाटी, दर दोन तासांनी.
"भुकेची वाट बघू नका, ती यायची नाही.
घड्याळ बघा."
घड्याळ मला कळतं.
उभा जन्म भोंग्यावर गेला.

एक्केचाळीस दोनशे.
एक्केचाळीस दोनशे.
एक्केचाळीस सहाशे.
चारशे ग्रॅम!
एवढा लोखंडाचा कीस तर मी
चहाच्या सुट्टीआधी झाडून टाकायचो.
त्या दिवशी काट्यावरून ती उतरेना,
मागचे लोक खोळंबले, तरी उतरेना.

मग मी पत्र्याचा एक बाण कापला.
कडा कानशीनं घासल्या, कुणाच्या हाताला लागायला नको.
वर रंगानं लिहिलं, जेवणाचं इथं विचारा.
केसपेपरच्या खिडकीशेजारी ठोकला.
दुसऱ्या दिवशी नव्हता.
वॉचमन म्हणाला, परवानगी आहे का?
दुसरा कापला. तोही गेला.
तिसरा त्यानंच लावून दिला, जरा खाली,
"आडवे स्ट्रेचरवाले वर बघत नाहीत," म्हणाला.
त्याच्या घरी कोण आहे ते मी विचारलं नाही.

परवा रक्ताचे रिपोर्ट न्यायला गेलो होतो.
करमाळ्याकडची एक बाई, पाठकुळी मुलगा,
चौदा-पंधराचा असेल, पण पाठीवर मावत होता,
बाण बघून बघून जिना उतरली.
टेबलावर कापड झाकलेलं.
तो बुधवार होता.

ती म्हणाली, आमची सातची एसटी आहे.

पुढचा मंगळवार सहा दिवसांनी.
दिवसाला आठ धरल्या तर
अठ्ठेचाळीस अर्ध्या वाट्या.
हिशेब मला येतो.
कागदाची कोरी बाजू माझ्याकडं नव्हती.